दोन कॅसेटींमधली खाडी

मार्गशीर्ष आला हे पुण्यात कुणीतरी सांगावं लागतं. इथे थंडी पडते, स्वेटर निघतात, भाजीच्या गाडीवर हिरवा हरभरा दिसायला लागतो, एवढंच. आमच्या गावात, मालवणजवळच्या खाडीकाठाला, मार्गशीर्ष नाकाला कळायचा. भात कापून, झोडून, कणग्यांत भरून झालेलं असायचं. कुणग्यांमधे, म्हणजे भाताच्या लहान शेतांत, कापलेल्या रोपांचे बुडखे उभे, त्यांच्यावर सकाळचं दंव, आणि ऊन वर आलं की त्या सगळ्यातून एक कोमट, गोडसर वास सुटायचा. त्यात ओहोटीच्या चिखलाचा वास मिसळायचा. हा दुसरा वास चांगला म्हणावा की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पुण्यात एखाद्या नाल्याजवळून जाताना तो आल्यासारखा वाटतो, मी थांबते, आणि मग माझी मलाच लाज वाटते.

परवा दिगूचा फोन आला. दिगू म्हणजे दिगंबर, माझा शाळासोबती. पुढे काही काळ आम्ही दोघं गावच्याच हायस्कुलात शिकवायला होतो. आता तो कुडाळला असतो, नातवंडांना गणित शिकवायला बसतो आणि ती पळून जातात. फोनवर नमस्कार-बिमस्कार काही नाही. म्हणाला, "औंदा कौल झालो गो शालन. गाव भायर सरतलो. येतलंस?"

गाव बाहेर सरणार, म्हणजे गावपळण. परक्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो आणि मग माझ्याकडे नीट बघतो. काही वर्षांनी एकदा, देवाने कौल दिला की, आमचा सगळा गाव घरंदारं बंद करून तीन दिवस शिवेबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी. गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. शिवेबाहेर झावळ्यांच्या झोपड्या घालायच्या, तिथेच रांधायचं, फुगड्या घालायच्या, भजनं म्हणायची आणि देवाने पुन्हा कौल दिला की घरी यायचं. हे कशासाठी, असं मी लहानपणी आईला विचारलं होतं. ती म्हणाली होती, "देवाक आपलो गाव येकट्यान बघूचो आसता." ते मला तेव्हा पटलं होतं आणि अजूनही पटतं. कळलेलं मात्र नाही.

फोन ठेवला तेव्हा मी ऑफिसात होते. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते आणि निवृत्तीला आले आहे, त्यामुळे माझ्याभोवती सगळी नातवंडांच्या वयाला टेकलेली मुलं असतात. त्यातली ऋता शेजारच्या खुर्चीवरून वळून म्हणाली, "मॅडम, मर्ज करताना कॉन्फ्लिक्ट आलाय. माझं ठेवू की निखिलचं?"

ज्यांना या धंद्याशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी सांगते. एका प्रोग्रॅमवर अनेकांना काम करायचं असतं. सगळ्यांनी एकाच प्रतीत हात घातले तर गोंधळ होणार, म्हणून प्रत्येकाने आपल्यापुरती एक ब्रँच काढायची, म्हणजे मूळ प्रोग्रॅमची एक नक्कल. तिच्यात हवे ते बदल करायचे आणि जमलं की ते मूळ प्रतीत मिसळायचे. मिसळताना दोघांनी एकच ओळ दोन तऱ्हांनी बदललेली निघाली की मशीन अडून बसतं आणि विचारतं, यातलं खरं कुणाचं? ऋताच्या पडद्यावर दोन ओळी एकीखाली एक उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि मला भर दुपारी, एसीत बसून, खाडीचा चिखल दिसायला लागला.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. आमच्या हायस्कुलात एक कॉम्प्युटर आला होता. आला म्हणजे सरकारच्या कुठल्याशा योजनेत आमचा नंबर लागला होता आणि एका ट्रकमधून भाताच्या पेंढ्यात गुंडाळलेली खोकी उतरली होती. एक जाडजूड कीबोर्ड, एक छोटा टीव्ही आणि एक टेपरेकॉर्डर. प्रोग्रॅम लिहायचा आणि तो टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर साठवायचा. साठवताना कॅसेटमधून किर्र्र असा आवाज यायचा, तो ऐकून शिपायाने पहिल्या दिवशी खिडकीतून बाहेर उडी मारायची तेवढी बाकी ठेवली होती. वीज गेली की न साठवलेलं सगळं पुसलं जायचं. वीज रोज जायची.

मुख्याध्यापक सामंत सर या कॉम्प्युटरचे पुजारीच होते. त्या खोलीत चपला घालून जायची बंदी होती. दिगूने आणि मी मालवणला जाऊन एका पंधरवड्याचं शिक्षण घेतलं होतं, म्हणून आम्हाला आत प्रवेश होता. सरांना मनापासून वाटत होतं की या यंत्राने गावाचं काहीतरी भलं केलं पाहिजे. नुसते पाढे म्हणून दाखवणारं यंत्र त्यांना नको होतं. काय भलं करायचं ते मात्र कुणालाच सुचत नव्हतं, आणि मग एकदा चंद्रिका उशिरा आली.

चंद्रिका दहावीत होती. खाडीच्या पलीकडे, जरा आतल्या अंगाला तिची वाडी. तिथली मुलं होडीने आमच्या धक्क्यावर यायची. भरती असली की होडी मजेत यायची, ओहोटी असली की चिखलात बसायची. रस्त्याने यायचं तर कट्टा नावाच्या गावावरून मोठा वळसा होता. भरतीची वेळ रोज सरकते, शाळेची घंटा सरकत नाही. आमच्या संस्थेचा नियम असा की पहिल्या तासाची हजेरी ती हजेरी, आणि सर नियमाला देवाइतकंच मानत. चंद्रिकेच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा साचत चालल्या होत्या. अशाच साचल्या असत्या तर तिला परीक्षेला बसू दिलं नसतं. तिच्या बापाने, बाबलने, आधीच सांगून ठेवलं होतं की परीक्षा नाही तर शाळा नाही, तिची मावशी काजूच्या कारखान्यात आहे, तिच्याबरोबर बसेल काजू फोडायला. मुलगी हुशार होती. भूमितीचं प्रमेय ती असं सांगायची की आपण ते नव्याने ऐकतोय असं वाटावं. पण काजूचा चीक बोटांना लागला की कातडी काळी पडून सोलते, तशी बोटं मी माझ्या मामेबहिणीची बघितली होती. चंद्रिका खडू धरायची तेव्हा मला ती बोटं आठवायची.

तर सरांना सुचलं ते असं. कॉम्प्युटरला भरती-ओहोटी शिकवायची. महिनाभर आधी त्याने सांगायचं की कुठल्या सकाळी होडी लागेल आणि कुठल्या सकाळी नाही. त्याप्रमाणे शाळा थोडी मागेपुढे करायची परवानगी सर संस्थेकडून आणणार. अर्ध्या तासाची सवलत मिळेल अशी त्यांना खात्री होती. किनाऱ्यावरच्या पोराटोरांनाही हिशेब ठाऊक असतो की तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते. सरांनी तेवढ्यावर पहिला प्रोग्रॅम स्वतः लिहिला, कॅसेटवर साठवला, वर "मूळ" अशी चिठ्ठी चिकटवली आणि कॅसेट कपाटात ठेवून किल्ली जानव्याला अडकवली. प्रोग्रॅम सुरेख होता. आमच्या खाडीला तो अजिबात लागू पडत नव्हता.

कारण समुद्राची भरती ही खाडीची भरती नव्हे. पाणी मुखातून आत शिरतं, वळणं घेतं, रेतीच्या दांड्यांना अडतं आणि मग आत पोचतं. किती वेळाने पोचतं ते बघायला हवं होतं. आम्ही बघू बघू म्हणत होतो, तेवढ्यात कौल झाला आणि गाव निघालं बाहेर.

त्या गावपळणीची सकाळ मला अजून दिसते. दारांना कड्या, गळ्यात घंटा घातलेली गुरं, टोपलीतून मान बाहेर काढून ओरडणाऱ्या कोंबड्या, डोक्यावर बोचकी. आमची मांजर आईच्या काखेतून सारखी घराकडे बघत होती. सरांनी कॉम्प्युटरवर स्वतःच्या हाताने धुतलेलं धोतर पांघरलं आणि दाराला कुलूप लावलं. यंत्राला शिवेबाहेर न्यायला हवं की नको, यावर त्यांनी गुरवाला विचारलं होतं म्हणे. गुरव म्हणाला होता, "ता काय जेवता काय? नाय मां? मगे रवांदे थंय." दिगूने आणि मी मूळ प्रोग्रॅम हाताने कागदावर उतरवून घेतला, प्रत्येकाने आपापला. सर म्हणाले, "दोघांनी आपापल्या जागी पाणी बघा, आपापल्या कागदावर सुधारणा करा. माझ्या मूळ प्रतीला कुणी हात लावायचा नाही." आज ऋताला मी हेच सांगते, फक्त इंग्रजी शब्दांत. ब्रँच हा शब्द तेव्हा आम्हाला पोस्टाच्या पाटीवरून तेवढा ठाऊक होता.

दिगूच्या वाडीची माणसं खाडीच्या मुखाशी, शिवेपलीकडच्या रेतीवर उतरली. तिथून आमचा धक्का समोर दिसत होता, आणि धक्क्याला पाणी कधी लागतं, कधी सुटतं ते दिगू टिपणार होता. आमची वाडी होडीने पलीकडे गेली, चंद्रिकेच्या वाडीतल्या एका रिकाम्या शेतात. त्यांचा गाव वेगळा, त्यांना पळायचं नव्हतं. ती माणसं आपल्या अंगणात उभी राहून आमच्याकडे लग्नाचं वऱ्हाड आल्यासारखी बघत होती.

मी रोज चंद्रिकेबरोबर त्यांच्या उतारावर जाऊन बसायची. आम्ही चिखलात एक काठी रोवली होती. होडी जमिनीवरून सुटून हलायला लागली की, आणि पाणी उतरून परत टेकली की, काठीवर खूण करायची आणि घड्याळात बघायचं. मधल्या वेळात काही नसायचं. पाणी यायचं ते दिसायचंही नाही. आधी चिखलातल्या खेकड्यांची भोकं बुडबुडायची, मग त्या रेषेवर एक चकाकी यायची, मग ती चकाकी रुंद व्हायची. पलीकडे आमचा गाव दिसायचा. एकाही घरावर धूर नाही. मी कधी माझ्या गावाकडे एवढा वेळ बघितलं नव्हतं. चंद्रिका म्हणाली, "बाई, तुमचो गाव आता आमच्या गावासारखो दिसता." म्हणजे कसा, ते तिने सांगितलं नाही.

बाबल एकदा तिथे आला. उंच, वाकलेला, खांद्यावर पंचा. काठीकडे बघून म्हणाला, "बाई, पाणी काय तुमका सांगान येतला काय?"

मी म्हटलं, "सांगून नाही, पण वेळेवर येतं की नाही तेवढं बघतोय."

"माझा चेडू येळार गेला नाय ता चेडवाचा चुकला, पाण्याचा न्हय," तो म्हणाला आणि गेला. चंद्रिका काठीकडे बघत राहिली. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की घरी तिच्यावर कुणाचा विश्वासच नव्हता. पाणी नव्हतं असं ती सांगायची आणि बापाला वाटायचं, पोरगी रेंगाळते.

कौल झाला, गाव परतला. चुली पेटल्या आणि मांजर जी माळ्यावर चढली ती दिवसभर उतरली नाही. सरांनी धोतर काढलं. दिगूने आपले बदल घालून एक कॅसेट केली, मी माझे घालून दुसरी. दिगूची कॅसेट मूळची दशावताराची होती. प्रोग्रॅम संपला की तिच्यात एकदम संकासुर ओरडायचा. दोन्ही चालवून बघितल्या आणि आमची तोंडं उतरली. दिगूच्या म्हणण्याप्रमाणे होडीची वेळ लवकर सुरू होऊन लवकर संपत होती. माझ्या म्हणण्याप्रमाणे उशिरा सुरू होऊन उशिरा संपत होती. एकच खाडी, एकच होडी, एकच महिना.

सर म्हणाले, "दोन्ही एकत्र घाला." मी दिगूच्या कॅसेटवरचा प्रोग्रॅम पडद्यावर आणला आणि माझे बदल त्यात टाइप करायला लागले. त्या काळी प्रोग्रॅमच्या प्रत्येक ओळीला नंबर असायचा, आणि त्याच नंबराची नवी ओळ लिहिली की जुनी मुकाट पुसली जायची. यंत्र विचारायचं नाही, कुरकुरायचं नाही. मी माझी ओळ लिहिली आणि दिगू ओरडला, "शालन, माझी ओळ खाल्लंस तू!" मग त्याने ती परत लिहिली आणि माझी गेली. आम्ही असं बराच वेळ एकमेकांना पुसत होतो.

आमच्याकडे दोन शेतकऱ्यांचा कुणग्याच्या हद्दीवरून वाद झाला की चार मोठी माणसं बसतात. दोघांचं ऐकून घेतात आणि दोघं म्हणतात त्याच्या बरोबर मधोमध नवा बांध घालून देतात. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही, संध्याकाळी दोघं एकाच ओटीवर पान खातात. सामंत सर शाळेत मुख्याध्यापक आणि गावात मानकरी. असले कितीतरी बांध त्यांनी घालून दिलेले. ते आमच्यापेक्षा शांत आवाजात म्हणाले, "भांडू नका. दिगंबरची वेळ आणि शालनबाईंची वेळ, यांचा मध्य काढा."

आम्ही मध्य काढला. काय सुटल्यासारखं वाटलं! दिगूही खूश, मीही खूश. आपली ओळ अर्धी का होईना आत राहिली, असं दोघांनाही वाटलं. सरांनी ती नवी प्रत "मूळ" कॅसेटवर उतरवली, मी पडद्यावरचं वेळापत्रक फुलस्केपवर उतरवून काढलं आणि ते शाळेच्या फळ्यावर लागलं. एक नक्कल बाबलच्या घरी गेली. संस्थेने अर्ध्या तासाची सवलत दिली. सगळं गावच्या रीतीला धरून झालं होतं, आणि त्यामुळेच आम्हाला शंका घ्यायचं सुचलं नाही. मी आजही ऑफिसात दोन माणसं चटकन मधल्या गोष्टीवर राजी झाली की अस्वस्थ होते. का, ते धड सांगता येत नाही. मुलांना वाटतं, मॅडमना भांडणं आवडतात.

पहिल्या सकाळी कागद म्हणत होता, होडी आहे. पाणी चढत होतं. चंद्रिका उतारावर होडीत बसून राहिली, होडी चिखलावर बसून राहिली. ती मधल्या सुट्टीला पोचली. दुसऱ्या एका सकाळी पाणी उतरत होतं. होडी तिकडून सुटली, मजेत आली आणि आमच्या धक्क्याच्या तोंडाशी येऊन रुतली. मी शाळेच्या पायरीवरून बघत होते. मुलं होडीत, शाळा समोर, मधे चिखल. आत प्रार्थना सुरू झाली होती आणि ती होडीपर्यंत ऐकू जात असणार, कारण होडीतली लहान मुलं हात जोडून बसली होती. चंद्रिकेने दप्तर डोक्यावर घेतलं आणि उतरली. मांड्यांपर्यंत गेली. एक पाय काढायचा तर दुसरा आणखी खोल. होडीवाला ओरडत होता, "गो चेडवा, रव, रव थंय!" तिला दोघांनी दोरीने बाहेर ओढून काढलं. ती वर्गाच्या दारात उभी राहिली तेव्हा हजेरी होऊन गेली होती. सरांनी मान वर करून बघितलं आणि खाली घातली. त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

त्या दिवशी शाळा सुटायच्या आत बाबल आला. फळ्यासमोर उभा राहून त्याने कागदावर बोट ठेवलं. "हयसर होडी लिवलला आसा. माझा चेडू चिखलात मेला आसता मास्तरानू. ह्यो म्हयनो सरांदे. मगे काय ती येवची नाय." सर "ऐकून घ्या" म्हणाले. बाबल म्हणाला, "आयकान घेतलंय ताच चुकला."

महिना संपायला थोडेच दिवस उरले होते. दिगू आणि मी कॉम्प्युटरच्या खोलीत दोन्ही कॅसेट समोर ठेवून बसलो. मला वाटत होतं माझीच बरोबर होती, मीच तर तिच्या उतारावर बसून पाणी बघितलं होतं. दिगूला वाटत होतं त्याचीच बरोबर. आणि दोघांचं बरोबर असेल तर पोरगी चिखलात कशी गेली, हे दोघांनाही कळत नव्हतं. इतकं गोंधळून मी आयुष्यात कधी गेले नसेन. दिगू चिडला की शाळेतलं मराठी विसरायचा. "धक्क्यार पाणी नाय तर होडी लागतली खंय गो? तुझ्या डोक्यार?"

मीही विसरले. "आणि थंय पाणी नाय तर ती सुटतली कशी? तुझ्या फुंकेन?"

बाहेर कुणीतरी नारळ सोलत होतं, त्याचा आवाज येत राहिला. दिगू हळूच म्हणाला, "दोनय व्हये."

दोन्ही हवे. सुटायच्या जागीही पाणी हवं आणि लागायच्या जागीही. पाणी चढताना तिच्या उताराला उशिरा पोचतं, तिथे माझं खरं. उतरताना आमच्या धक्क्याचं आधी जातं, तिथे दिगूचं खरं. दोघांचा मध्य काढला तर तो कुठल्याच काठाचा नव्हता, तो मधल्या पाण्याचा होता, आणि मधल्या पाण्यात कुणी शाळेला उतरत नाही. आम्ही दिगूची ओळ ठेवली, माझ्या ओळीला दुसरा नंबर दिला आणि शेवटी दोन्हींच्या मधे एक "आणि" घातला. दिगूने तो एका बोटाने टाइप केला. सरांनी जानव्याची किल्ली काढून कपाट उघडलं, मूळ कॅसेट आमच्या हातात दिली आणि खोलीबाहेर जाऊन उभे राहिले.

आता आनंद व्हायला हवा होता. नवा कागद उतरवायला बसले आणि हात जड व्हायला लागला. दोघांचं खरं एकत्र धरलं तर उरणारं खरं केवढंसं होतं! चुकीच्या कागदावर होडीच्या कितीतरी सकाळी होत्या. बरोबर कागदावर एकेक आठवडा कोरा जात होता. अर्ध्या तासाच्या सवलतीने त्यात काही भागत नव्हतं. हे फळ्यावर लावायचं, की न लावलेलं बरं? दिगू म्हणाला, "लाव." मग म्हणाला, "नको." मग म्हणाला, "माका इचारू नको."

मी कागद घेऊन स्वतः पलीकडे गेले. बाबल घरी नव्हता. चंद्रिका चुलीपुढे बसली होती, तिने हात पुसून कागद घेतला आणि उभ्याने वाचला. तिला प्रमेय समजायला जेवढा वेळ लागायचा तेवढाच लागला. म्हणाली, "बाई, चुकलेलो कागदच बरो होतो."

होडीतून परत येताना मी रडले, आणि नक्की कशासाठी रडते आहे ते होडीवाल्याला सांगता आलं नसतं. चुकीच्या कागदावर विश्वास ठेवून ती निदान रोज घरातून निघत तरी होती. आम्ही तिच्या हातात तिच्याच न येण्याचा पक्का पुरावा देऊन आलो होतो. बरोबर असणं एवढं निरुपयोगी असेल असं मला कुणी शिकवलं नव्हतं.

ऋताला मी अजून उत्तर दिलेलं नाही. ती म्हणते, "मॅडम, दोघांच्याही ओळी टेस्टमधे पास होतायत, म्हणूनच गोंधळ आहे." मी तिला म्हटलं, तू आणि निखिल दोघं समोरासमोर बसा आणि कोण कुठे उभं राहून बघतंय ते आधी एकमेकांना सांगा. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी अध्यात्मातलं बोलले. मलाही माझं सगळं कळतं असं नाही. या धंद्यात इतकी वर्षं काढली, किती ब्रँचेस आल्या, मिसळल्या, काही तशाच वाळून गेल्या. तरी दर वेळी मर्जचं बटण दाबताना माझं बोट किंचित अडतं. मशीन "झालं" म्हणतं आणि मला वाटतं, काय झालं? कुणासाठी झालं?

नव्या महिन्याची पहिली सकाळ. कागदावर ती सकाळ कोरी होती. मी लवकर जाऊन शाळेच्या पायरीवर उभी होते. खाडीत पाणी नव्हतं, पलीकडे होडी चिखलावर कलंडलेली दिसत होती आणि उतारावर कुणीच नव्हतं. रोज तिथे मुलांचा घोळका असायचा. ते रिकामेपण बघून मी मनात म्हटलं, संपलं. घंटा झाली, प्रार्थना झाली, सरांनी हजेरी सुरू केली. चंद्रिकेच्या नावाआधी ते थांबले. खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत घातला, परत काढला. सर हजेरी घेताना कधी थांबत नसत.

रस्त्याच्या बाजूने सायकलची घंटी वाजली. खाडीच्या नव्हे, रस्त्याच्या बाजूने. बाबल उभ्याने पेडल मारत येत होता, सदरा पाठीला चिकटलेला, आणि मागे कॅरिअरवर चंद्रिका, दप्तर पोटाशी धरून. सायकल पुरती थांबायच्या आतच ती उतरली आणि धावली. आतून सरांनी तिचं नाव घेतलं आणि तिचं "हजर" मी बाहेर ऐकलं. आवाजात धाप होती.

बाबल माझ्यासमोर येऊन उभा राहिला. पंच्याने तोंड पुसलं. म्हणाला, "आदी पाणी येयत म्हणान वाट बघीत रवायचंव. पाणी काय येयना आणि मगे वाटेन जावक येळ उरना. आता कागद नाय म्हणता तर नाय. उजवाडताच सायकल काढलंय, मेव्हण्याची." तो जरा थांबला. वर्गाच्या खिडकीकडे बघितलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "चेडू खोटा बोलत नाय होता."

मी म्हटलं, "नाही. कधीच नाही."

त्याने सायकल वळवली. परत सगळा कट्ट्याचा वळसा, तोही चढाचा, आता उन्हातून. एक पाय पेडलवर ठेवून त्याने मागे वळून विचारलं, "बाई, उद्या काय म्हणता तुमचा मशीन?"

मी पिशवीतला कागद काढून बघितला. बघायची गरज नव्हती, तरी बघितला. "उद्याही पाणी नाही, बाबलदादा."

"बरां," तो म्हणाला. "मगे उद्या जरा आदी सुटतंव."